प्लास्टिकचा शोध कोणाच्या नावावर मांडायचा?

प्लास्टिकचा शोध नेमका कोणाचा, असं एकानं विचारलंय. विचारणाऱ्याचा घोळ रास्त आहे. एका ठिकाणी वाचलं की प्लास्टिक पार्क्सनं शोधलं, दुसरीकडे हायटचं नाव, तिसरीकडे बेकलंडचं. त्यात पुन्हा १८७२ सालीच जर्मनीच्या फॉन बायरनं फिनॉल आणि आल्डिहाइडची राळ करून पाहिली होती, मग ३५ वर्षांनी आलेल्या बेकलंडला श्रेय कसं? आणि जाता जाता विचारलंय की जुन्या ट्रंकेत सापडलेला हस्तिदंती रंगाचा कंगवा बेकेलाइटचा असेल का.

आधी सरळ उत्तर. माणसानं रसायन बदलून केलेलं आणि लोकांसमोर मांडलेलं पहिलं प्लास्टिक अलेक्झांडर पार्क्सचं, १८६२. धंद्यात टिकलेलं पहिलं प्लास्टिक जॉन वेस्ली हायटचं, १८७०. निसर्गातला कुठलाही तयार पदार्थ न घेता पूर्णपणे भट्टीतून काढलेलं पहिलं प्लास्टिक लिओ बेकलंडचं, १९०७, तेच बेकेलाइट. कंगवा बेकेलाइटचा नाही.

पण ही तीन नावं पाठ करून काही कळत नाही. मी थर्मोसेटवाला आहे, म्हणजे एकदा तापून पक्कं झालं की पुन्हा न वितळणाऱ्या प्लास्टिकचं काम करणारा. भोसरीत कंप्रेशन मोल्डिंगच्या, म्हणजे गरम साच्यात (डायमध्ये) माल दाबून आकार देण्याच्या प्रेसवर आयुष्य गेलं. हँडल, होल्डर, टर्मिनल ब्लॉक, कॉइलचे बॉबिन. त्या बाजूनं बघितलं तर या इतिहासात पदार्थ हाती लागणं कधीच फार अवघड नव्हतं. चिकट, डिंकासारखं, कडक होणारं काहीतरी बऱ्याच जणांच्या भांड्यात तयार झालं. अवघड होतं ते त्याला आपल्याला हवं तेव्हा मऊ करणं, डायमध्ये दाबणं आणि मग तो आकार महिनाभरानंतरही तसाच राहणं. माझ्या हिशोबी श्रेय त्यावर ठरतं.

मुळात गरज कुठून आली ते बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साच्यात दाबून आकार देता येईल असे पदार्थ मोजकेच होते: शिंग, कासवाची पाठ, लाख, गटापर्चा आणि चार्ल्स गुडइयरच्या गंधक-प्रक्रियेनंतर आलेलं कडक रबर, म्हणजे एबोनाइट. गटापर्चा हा मलायाच्या झाडांचा चीक. गरम पाण्यात मऊ, थंड झाला की घट्ट, आणि समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकणारा. १८५१ मध्ये इंग्लंड-फ्रान्सच्या खाडीखालून गेलेली तार याच्याच आवरणात होती आणि १८७० मध्ये मुंबईहून एडनमार्गे सुएझला पोचलेली तारही. लाख तर आपलीच. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांचा स्राव, छोटा नागपूरच्या पट्ट्यातून गोळा होऊन कलकत्त्याहून जगभर जायचा. अमेरिकेत सॅम्युएल पेकनं १८५४ मध्ये लाख आणि लाकडाचा भुसा एकत्र करून, गरम साच्यात दाबून फोटो ठेवायच्या नक्षीदार पेट्या काढल्या. आमच्या धंद्यात राळ आणि भुसा हा जोड आजही आहे, तो इतका जुना आहे. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच निघाल्या. कलकत्त्यात १९०८ पासून त्या दाबल्या जात होत्या, आणि आपल्याकडची नाट्यपदं घराघरात गेली ती त्याच मालावर.

हे सगळे पदार्थ मर्यादित. झाडं, किडे, जनावरं यांच्याकडून जेवढं येईल तेवढंच. मागणी मात्र आधी तारायंत्रानं आणि मग विजेनं वाढवत नेली.

आता पार्क्स. त्याच्या आधी शॉनबाइन. १८४६ साली स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये ख्रिस्तियान शॉनबाइननं कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाचं मिश्रण वापरून नायट्रोसेल्युलोज केलं. नायट्रोजन भरपूर चढवला की बंदुकीचा कापूस होतो, उडतो. कमी चढवला तर तोच कापूस ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळतो आणि मधासारखा दाट द्रव मिळतो, कलोडियन. जखमेवर लावायला आणि फोटोच्या काचेवर थर द्यायला तो वापरत. काचेवर वाळला की पारदर्शक पापुद्रा राहतो. हा पापुद्रा जाड करता आला तर? पार्क्सच्या डोक्यात आलं ते इतकंच, आणि ते अगदी बरोबर होतं.

पार्क्स बर्मिंगहॅमचा, धातूंच्या कामातला माणूस. रबर थंडपणे पक्कं करण्याचं पेटंट १८४६ मध्ये त्याच्याच नावावर. १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यानं ‘पार्केसीन’ मांडलं. पदकं, सुऱ्यांच्या मुठी, कंगवे, कोरीव पट्ट्या. कांस्यपदक मिळालं. १८६६ मध्ये लंडनच्या हॅकनी विकमध्ये कंपनी निघाली आणि १८६८ मध्ये बसली.

का बसली? माल स्वस्तात काढायच्या नादात कापूस हलका वापरला हे कारण सांगतात आणि ते खरंही आहे. पण प्रेसवर काम केलेल्याला दुसरं कारण आधी दिसतं. पार्केसीन मऊ राहायचं ते त्यात भरपूर द्रावक असल्यामुळे. द्रावक म्हणजे उडून जाणारी गोष्ट. वस्तू आकाराला आली, गिऱ्हाइकाकडे गेली, आणि मग आतलं द्रावक आठवडेच्या आठवडे हळूहळू उडत राहिलं. वरचा थर आधी आकसतो, आतला नंतर, आणि कंगवा पिळवटतो. पार्क्सचे कंगवे असेच वाकडे होऊन परत आले. प्रदर्शनाच्या काचेच्या कपाटात शोभणारी वस्तू आणि हजारांनी विकायची वस्तू यातलं अंतर हेच. नमुना सुंदर आणि लॉट नापास, हे ज्यांनी बघितलंय त्यांना पार्क्सबद्दल वाईट वाटल्याशिवाय राहणार नाही.

तिकडे न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत जॉन वेस्ली हायट हा छापखान्यातला कारागीर. फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्डचं सामान करणाऱ्या कंपनीनं हस्तिदंताला पर्याय देणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. एका चांगल्या सुळ्यातून मोजकेच गोळे निघायचे आणि हत्ती कमी होत चालले होते. हायटनं आधी भुशाच्या गोळ्यावर कलोडियनचा थर देऊन पाहिला. गोळा छान दिसायचा, पण जोरात आपटला तर टिकलीसारखा आवाज व्हायचा. शेवटी थर होता नायट्रोसेल्युलोजचाच. हायट स्वतः पुढे सांगायचा की कोलोरॅडोतल्या एका सलूनवाल्याचं पत्र आलं होतं: आवाजाचं मला काही नाही, पण तो झाला की खोलीतला प्रत्येक माणूस पिस्तूल काढतो. बक्षीस त्याला मिळाल्याची नोंद नाही.

हायटची खरी करामत पुढची. त्यानं पातळ द्रावक जवळजवळ काढूनच टाकलं. नायट्रोसेल्युलोजचा ओला लगदा, त्यात वजनानं साधारण निम्मा कापूर, पाणी दाबून काढायचं आणि मग उष्णता आणि दाब. कापूर तापला की तोच द्रावकाचं काम करतो. गार झाला की घन होऊन मालाच्या पोटात राहतो. उडून जायला पातळ काही उरतच नाही. म्हणून वस्तू आकसत नाही, वाकत नाही. १२ जुलै १८७० ला त्याला आणि त्याचा भाऊ आयझाया याला याचं पेटंट मिळालं. सेल्युलॉइड हे नाव आयझायाचं. कापूर पार्क्सनंही वापरला होता, पण दहा जिनसांपैकी एक म्हणून. हायटनं त्यालाच मुख्य केलं.

आणि तेवढ्यावर तो थांबला नाही, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १८७२ मध्ये भावांनी एका यंत्राचं पेटंट घेतलं: गरम सिलिंडर, मागून दट्ट्या, पुढे नळी, मऊ झालेलं सेल्युलॉइड दट्ट्यानं नळीतून पुढे ढकलायचं. आजचं इंजेक्शन मोल्डिंग मशीन उघडून बघा, दट्ट्याच्या जागी स्क्रू आलाय, बाकी कल्पना तीच. पार्क्सकडे पदार्थ होता, हायटकडे पदार्थ, पद्धत आणि यंत्र तिन्ही होतं. न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये कारखाना उभा राहिला, तिथून पत्रे आणि सळ्या बाहेर पडायच्या आणि दुसरे कारागीर त्यातून कंगवे, कॉलर, कफ, सुऱ्यांच्या मुठी कापायचे. दातांच्या कवळ्याही काढल्या होत्या. त्या कापराच्या चवीच्या होत्या आणि गरम चहानं मऊ पडायच्या, त्यामुळे चालल्या नाहीत.

पार्क्सचा जुना व्यवस्थापक डॅनियल स्पिल यानं हायटवर पेटंटचा दावा लावला. हा दावा १८७७ ते १८८४ चालला. न्यायाधीश ब्लॅचफर्ड यांनी आधी स्पिलच्या बाजूनं आणि मग फिरवून विरुद्ध निकाल दिला. निष्कर्ष असा की कापूर वापरण्याची मूळ कल्पना पार्क्सची, त्यामुळे हायट आणि स्पिल दोघांनाही मक्तेदारी नाही, ज्याला करायचं त्यानं करावं. म्हणजे कोर्टानं शोधाचा मान पार्क्सला दिला आणि बाजार हायटकडे राहिला. हा निकाल मला दोन्ही बाजूंनी योग्य वाटतो.

सेल्युलॉइडची वाईट बाजू सगळ्यांना ठाऊक आहे: पेटतं, आणि पेटलं की विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्याच अंगात असतो. १८८९ पासून ईस्टमननं फोटोची लवचीक फिल्म याच जातीच्या मालावर काढली आणि सिनेमा त्यातूनच उभा राहिला. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरचे खेळ झाले ती फिल्म नायट्रेटची, म्हणजे याच नायट्रोसेल्युलोजची, फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची फिल्मही नायट्रेटचीच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात २००३ साली लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा गेला. टेबल टेनिसचा चेंडू तर अगदी २०१४ पर्यंत अधिकृतपणे सेल्युलॉइडचाच होता.

कंगव्याबद्दल इथेच सांगून टाकतो. हस्तिदंती रंग, त्यात बारीक समांतर रेषा, हातात हलका, दात वाकून परत सरळ होणारे, असं असेल तर सेल्युलॉइड समजा. आपल्याकडे काचकड्याच्या बाहुल्या आणि कंगवे म्हणायचे ते बहुतेक हेच. अंगठ्यानं जोरात घासून गरम करा आणि लगेच वास घ्या. कापूर आला तर सेल्युलॉइड. कार्बोलिकचा, म्हणजे जुन्या लाल साबणाचा किंवा दवाखान्याच्या फरशीचा वास आला तर बेकेलाइट. जळक्या दुधाकडे झुकणारा वास आला तर तिसरी जात, तिच्याबद्दल खाली. बेकेलाइटचा कंगवा कोणी फारसा करत नसे, दात पहिल्याच गुंत्यात तुटतील. आणि बेकेलाइट पांढरट रंगात निघतही नाही. गरम सुई टोचून बघा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड हातातच भडकेल. कंगवा हवाबंद डब्यात कोंडू नका, उन्हात आणि धातूच्या वस्तूंजवळ ठेवू नका. जुनं सेल्युलॉइड हळूहळू कुजतं, त्यातून नायट्रोजनची आम्लं सुटतात आणि शेजारचा चिमटा किंवा बिजागरी खातात.

ती तिसरी जात म्हणजे गॅलॅलिथ. १८९९ च्या सुमारास जर्मनीतल्या क्रिशे आणि श्पिटेलर यांनी दुधातलं केसीन फॉर्माल्डिहाइडमध्ये मुरवून शिंगासारखा पदार्थ काढला. मूळ काम होतं शाळेसाठी पुसता येणारी पांढरी पाटी करण्याचं. पाटी बाजूलाच राहिली आणि जगभर बटणं झाली. जाड तुकडा मुरायला आठवडे लागतात, साच्यात घालून पक्का करता येत नाही, पत्र्यातून कापूनच काढावा लागतो. बटणासाठी ठीक, त्यापुढे मजल गेली नाही.

आता बायर आणि बेकलंड. इथे जरा थांबावं लागेल, कारण माझं पोट याच रसायनावर भरलंय.

फिनॉल म्हणजे कार्बोलिक आम्ल, कोळशाच्या डांबरातून मिळणारं. फॉर्माल्डिहाइड हा झोंबऱ्या वासाचा वायू, पाण्यात विरघळवला की फॉर्मालिन. दोन्ही एकत्र तापवले की जोडले जातात आणि प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. १८७२ मध्ये आडोल्फ फॉन बायरनं या घराण्यातली प्रक्रिया केली तेव्हा भांड्यात राळेचा गोळा राहिला. बायर हा रंगांचा माणूस. नील कृत्रिमरीत्या करण्याचं मोठं काम त्याचं, १९०५ चं नोबेलही त्यालाच. त्याच्या काळच्या रसायनज्ञाला हवा असायचा स्फटिक. स्फटिक मिळाला की वितळणबिंदू घेता येतो, शुद्धता ठरते, सूत्र लिहिता येतं. राळ ना स्फटिक होते, ना वितळते, ना विरघळते. काचसामान तेवढं बाद करते. बायरनं ती सोडून दिली. १८९१ मध्ये क्लेबर्गनं पुन्हा तेच केलं, त्यालाही नको असलेला गोळाच मिळाला. म्हणून बायरला श्रेय नाही: त्यानं पदार्थ पाहिला, पण तो त्याला अडगळ वाटला.

१९०० च्या आसपास मात्र लोकांना ही अडगळ हवीशी वाटायला लागली, कारण विजेच्या कामाला लाख पुरेना. स्मिथ, लुफ्ट, असे बरेच जण मागे लागले. सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं. तापमान वाढवलं की आतलं पाणी वाफ होऊन माल फसफसतो आणि स्पंजासारखा सच्छिद्र होतो. म्हणून सगळे तापमान उतरवायचे, द्रावक घालायचे, हळूहळू वाळवायचे. मग दिवसच्या दिवस जायचे आणि शेवटी हाती यायचा तडकलेला, ठिसूळ तुकडा.

लिओ हेंड्रिक बेकलंड हा बेल्जियममधल्या गेंटचा, जन्म १८६३. १८८९ मध्ये अमेरिकेत आला, ‘वेलॉक्स’ नावाचा फोटोचा कागद काढला आणि १८९९ मध्ये तो धंदा ईस्टमनला विकून मोकळा झाला. पैशाची चिंता नव्हती. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स इथे घराच्या आवारात प्रयोगशाळा बांधली. सुरुवात त्यानंही लाखेला पर्याय शोधण्यापासूनच केली. ‘नोव्होलॅक’ नावाची विरघळणारी राळ काढली, ती बाजारात फारशी चालली नाही. मग त्यानं सगळं उलटं केलं. वाफेच्या भीतीनं तापमान कमी ठेवण्याऐवजी १०० अंशांच्या बरंच वर नेलं आणि बंद भांड्यात बाहेरून दाब दिला, म्हणजे वाफेला फुगायला जागाच उरली नाही. जी गोष्ट दिवसांत होत नव्हती ती तासाभराच्या हिशोबात आली, आणि माल निघाला भरीव. त्या भांड्याला बेकेलायझर म्हणतात. पहिल्या काळातलं एक अंड्याच्या आकाराचं लोखंडी भांडं अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पेटंटचा अर्ज जुलै १९०७ चा, मंजुरी डिसेंबर १९०९ ची, आणि जाहीर घोषणा ८ फेब्रुवारी १९०९ ला अमेरिकन केमिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क शाखेपुढे.

दाबाची कथा सगळे सांगतात. त्याच्या जोडीची दुसरी गोष्ट तितकी सांगितली जात नाही, आणि धंद्याच्या दृष्टीनं तीच मोठी आहे. बेकलंडनं ही प्रक्रिया मध्येच थांबवता येते हे दाखवलं. त्यानं तीन पायऱ्या केल्या, अ, ब आणि क म्हणा. अ पायरीत राळ पातळ किंवा वितळणारी, द्रावकात विरघळणारी. ब पायरीत थंड असताना ठिसूळ, गरम केली की फक्त मऊ पडणारी. क पायरीत काही केल्या न वितळणारी. गुळाच्या पाकासारखं समजा: एकतारी, गोळीबंद आणि कडक, फरक इतकाच की हा पाक कडक झाला की पुन्हा पाणी घालून सैल करता येत नाही. थांबवता येतं म्हणजे कच्चा माल एका कारखान्यात तयार करून, दळून, पोत्यात भरून दुसऱ्याकडे पाठवता येतो, आणि शेवटची पायरी त्याच्या डायमध्ये होते. मोल्डिंगचा धंदा त्यातूनच जन्मला. राळ करणारा वेगळा, मोल्डिंग करणारा वेगळा. न्यू जर्सीतल्या बून्टनच्या रबर कारखान्यानं अगदी सुरुवातीला हे काम हाती घेतलं, विजेच्या उपकरणांच्या सुट्या भागांसाठी. १९१० मध्ये जनरल बेकेलाइट कंपनी झाली, कारखाना पर्थ अँबॉयला.

प्रेसवर हे आजही जसंच्या तसं दिसतं. पावडर येते ती चॉकलेटी किंवा काळी: राळ, लाकडाचा भुसा, रंग, थोडं वंगण आणि पक्कं करायला हेक्झामाइन. तिच्या आधी गोळ्या दाबतात, म्हणजे वजन पक्कं होतं. डाय १६०-१७० अंशांवर. गोळी टाकली, प्रेस बंद केला, की काही सेकंद ती लोण्यासारखी वाहते आणि कोपऱ्याकोपऱ्यात जाते. त्याच वेळी प्रेस क्षणभर उघडून लगेच बंद करायचा. याला ब्रीदिंग देणं म्हणतात. आतली वाफ आणि वायू फस्सकन बाहेर पडतो, अमोनियाचा वास नाकात जातो, तो हेक्झामाइनचा. ब्रीदिंग लवकर दिलं तर माल बाहेर येतो, उशिरा दिलं तर फ्लो संपलेला असतो आणि पीस फाटतो. तीन-चार मिलिमीटर जाडीला मिनिट-दोन मिनिटं धरायचं आणि गरम असतानाच काढायचं. पावसाळ्यात पावडरीच्या पोत्याचं तोंड उघडं राहिलं की पुढचा अख्खा लॉट फोडांचा. फोड डायमध्ये दिसत नाही. पीस बाहेर काढला, दाब सुटला, की दोन सेकंदांनी पृष्ठभागावर फुगा उठतो. बेकलंडच्या आधीच्यांच्या भांड्यात माल फसफसायचा तो असाच. कच्चा राहिलेला पीस ओळखायचा तर उकळत्या पाण्यात टाका. चमक जाते, फुगतो. पक्का असेल तर काही होत नाही.

भुशाचं काम नुसतं माल वाढवण्याचं नाही हेही सांगायला हवं. नुसती राळ ठिसूळ असते, काचेसारखी तडकते. भुशाचे तंतू तिला धरून ठेवतात. रंग मात्र त्यामुळेच काळा-तपकिरी. राळ स्वतः मधाच्या रंगाची आणि उजेडात आणखी गडद होत जाणारी, त्यात भुसा. बेकेलाइटचे जुने रेडिओ, टेलिफोन, गोल स्विच गडद रंगाचे आहेत ते यामुळे. पांढरं, फिकट हवं असेल तर युरियाची राळ लागते, ती १९२० च्या दशकात आली.

इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न याच रसायनावर स्वतंत्रपणे काम करत होता. पेटंट घ्यायला गेला तर बेकलंडचा अर्ज एक दिवस आधी आलेला. खट्टू होऊन बसला नाही. लाखेऐवजी पितळेवर द्यायचं वार्निश करायची कंपनी काढली आणि पुढे १९२६ मध्ये बेकलंडशी जुळवून इंग्लंडच्या बेकेलाइट लिमिटेडचा पहिला अध्यक्ष झाला. अमेरिकेतही बेकलंडनं पेटंटसाठी भांडण केलं, पण कॉन्डेन्साइट आणि रेडमॅनॉल या प्रतिस्पर्ध्यांना १९२२ मध्ये आपल्यातच घेतलं. एका दिवसाचा फरक बघितला की ‘अमुक नसता तर प्लास्टिक नसतं’ असं म्हणायची हिंमत होत नाही. वीज आली होती, डांबरातून फिनॉल निघत होतं, लाख महाग होती. कोणीतरी तिथे पोचणारच होता. बेकलंड पोचला तो दाब आणि थांबा दोन्ही घेऊन.

गंमत अशी की आपण काय केलंय हे यातल्या कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. हजारो अणूंची सलग साखळी असू शकते असं जर्मनीच्या हर्मान श्टाउडिंगरनं १९२० मध्ये मांडलं आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला. बहुतेकांना वाटायचं की हे लहान रेणूंचे नुसते गठ्ठे आहेत. त्याला नोबेल मिळालं १९५३ मध्ये. म्हणजे बेकेलाइटचे टेलिफोन घराघरात वाजत होते तेव्हा त्याच्या आत काय आहे यावर विद्वान भांडत होते. कारागीर पुढे आणि शास्त्र मागे, असा हा सगळा पहिला काळ. वॉलेस कॅरोथर्सनं १९३५ मध्ये नायलॉन काढलं तेव्हा क्रम उलटला: आधी साखळीचा आराखडा, मग पदार्थ.

अर्थात अपघात त्यानंतरही झालेच. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडच्या विनिंग्टनमध्ये आयसीआय या रसायन कंपनीचे गिब्सन आणि फॉसेट इथिलीन आणि बेन्झाल्डिहाइड प्रचंड दाबाखाली एकत्र करत होते. अपेक्षित प्रक्रिया झाली नाही, भांड्यात पांढरा मेणचट पदार्थ राहिला. पुन्हा करायला गेले तर कधी काहीच नाही, कधी स्फोट. शेवटी डिसेंबर १९३५ मध्ये तिथल्याच पेरिनच्या तुकडीला नुसत्या इथिलीनपासून सुमारे ८ ग्रॅम मिळाले. त्या दिवशी भांडं गळत होतं, दाब उतरला म्हणून नवा इथिलीन भरला, आणि त्यात योगायोगानं लागेल तेवढाच किंचित ऑक्सिजन होता. साखळी सुरू करणारा तोच. हे पॉलिथीन १९३९ पासून कारखान्यात निघायला लागलं आणि युद्धात रडारच्या केबलींवर चढलं, गटापर्चाच्या जागी बसावं तसं.

पॉलिथीन, पॉलिस्टायरिन, पीव्हीसी यांच्यापुढे आमचं थर्मोसेट मागे पडलं याचं कारण साधं हिशोबाचं आहे. ते पुन्हा वितळतं, त्यामुळे त्यांचा रनर (साच्याकडे जाणाऱ्या वाटेत राहिलेला माल) आणि नापास माल दळून पुन्हा मशीनच्या हॉपरमध्ये जातो, आमचा फ्लॅश (साच्याच्या फटीतून बाहेर आलेला माल) एकदा पक्का झाला की फेकावा लागतो. त्यांची सायकल सेकंदांची, आमची मिनिटांची. वर प्रत्येक पीसची कड घासायला माणूस. जिथे उष्णता आणि वीज दोन्ही आहे तिथे मात्र फिनॉलिक, म्हणजे हीच फिनॉलची राळ, अजून हटलेलं नाही: कुकरचं हँडल, मोटारीचा कम्युटेटर, ब्रेक लायनिंगमधलं बांधण, बाहेर वापरायच्या प्लायवूडचा गोंद. घरातल्या सनमायकाचा कापलेला तुकडा उलटा करून बघा. वरचा रंगीत थर मेलामाइनचा, पण मागची तपकिरी बाजू म्हणजे फिनॉलच्या राळेत भिजवून गरम प्रेसमध्ये दाबलेले क्राफ्ट कागद, एकावर एक. त्या प्रेसचं तापमान आणि दाब ठरवताना आजही बेकलंडचंच गणित मांडतात: राळ वाहू द्यायची, पण वाफ फुगू द्यायची नाही.